बत्तीस नंबरची हाक

ही घटना खरी आहे.

ज्याला पटत नसेल त्याने विरार पूर्वेला, चंदनसारला जावं आणि राऊत सरांना डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलायला सांगावं. उचलता येत नाही.

वार शनिवार. तीन फेब्रुवारी, दोन हजार चोवीस. वेळ रात्रीची नव्हती... भरदुपारची होती.

भालचंद्र राऊत मूळचे वटारचे. घरच्या केळीच्या बागा, पण सर रमले इतिहासात. एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जगाचा इतिहास शिकवायचे. लेखी पेपरात अर्धा गुण देताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. तोंडी परीक्षेत मात्र साक्षात कर्ण. कारण तोंडीचे वीस गुण कॉलेजच्या हातातले, आणि प्राचार्या द्वारका मॅडमना निकाल शंभर टक्के हवा असायचा.

"सर, गैरहजर कोणी नको हं," मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या.

"पोरगं आलंच नाही तर?"

"तुम्ही आहात ना."

एवढ्यावर दोघांनाही समजायचं ते समजलं.

पोरं व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. सर आतून नंबर आणि नाव पुकारायचे. पुकारल्याशिवाय कोणी उठायचं नाही, ही सरांची शिस्त.

प्रश्नही ठरलेला. एक जुलै एकोणीसशे सोळा, पहिल्या महायुद्धातली सॉमची लढाई. तू खंदकात आहेस. अधिकाऱ्याने चढाईची शिट्टी वाजवली. काय करशील?

"चप्पल शोधीन, सर," व्हिव्हियन म्हणाला. त्याला चौदा मिळाले.

दोन वाजेपर्यंत सगळे आटोपले. राहिले एकतीस आणि बत्तीस. अनुज घाडी आणि सलोनी घाडी. गोखिवऱ्याची जुळी भावंडं. एकाच स्कूटरवर यायची, एकाच वहीतून उतरवायची.

सरांनी नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं.

"एकतीस, अनुज घाडी."

"एकतीस, अनुज घाडी."

"एकतीस..."

कोणी आलं नाही. सरांनी त्याच्या नावापुढे पंधरा टाकले. बत्तीस नंबरला पुकारायचा त्यांना कंटाळा आला. पोरगी हुशार होती. तिला सतरा टाकले, पेनाला टोपण लावलं, आणि...

पंखा थांबला.

खाली मैदानात क्रिकेट चाललं होतं. तो आवाजही थांबला.

"येऊ का सर?"

दारात अनुज होता. डोक्यावर हेल्मेट. काच खाली ओढलेली.

"ही काय वेळ झाली? आणि ते हेल्मेट काढ आधी."

"नको सर. काढलं तर सांडेल."

सरांना वाटलं, चावटपणा करतोय. तो समोर येऊन बसला, तेव्हा त्याच्या मागचं दार आपोआप लागलं. पूर्ण नाही. हातभर फट राहिली.

"पंधरा दिलेत ना सर? मग प्रश्न विचारा. फुकटचे नकोत."

हे वाक्य बारावीच्या पोराच्या तोंडून सरांनी तेवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. शिट्टी वाजली. काय करशील?

"काही करायचं नसतं सर." आवाज हेल्मेटच्या आतून यायचा, भिजलेला. "शिट्टी नसते, हॉर्न असतो. मोठा. मग छातीवर काहीतरी चढतं आणि चढतच राहतं. फासळ्या एकेक करून मोडतात, मोजता येतात. मी सातपर्यंत मोजल्या."

हनुवटीच्या पट्ट्यावरून एक थेंब गुणतक्त्यावर पडला.

लाल.

तेवढ्यात सरांचा फोन थरथरला. मॅडमचा मेसेज होता.

'घाडी जुळ्यांना हायवेवर टँकरने उडवलं. अनुज दीड वाजता जागीच गेला. सलोनीचं ऑपरेशन चालू आहे, काही खरं नाही म्हणतात. मुलांना इतक्यात सांगू नका.'

सरांनी तो दोनदा वाचला. मान वर करायचं धैर्य झालं नाही.

"वाचलंत?" अनुज म्हणाला. "आता तिला बोलवा."

"कोणाला?"

"बाहेर बसलीय."

दाराच्या फटीतून बाकाचं टोक दिसत होतं. दोन पाय दिसत होते. एका पायात पांढरा बूट. दुसरा पाय अनवाणी... आणि तो उलट्या बाजूला वळलेला.

"मी किती हाका मारल्या," अनुज म्हणाला. "उठतच नाही. म्हणते, सर पुकारतील तेव्हाच. तुमचीच शिस्त. मला तुम्ही तीनदा पुकारलंत, मी आलो. तिला एकदा पुकारा."

"ती जिवंत आहे, अनुज."

"तुम्हीच शिकवलंत ना सर? एका गावची पोरं एका तुकडीत भरती झाली, एका सकाळी संपली. मी एकटा कसा जाऊ?"

तो विनवत होता. सगळ्यात भयानक तेच होतं, सर म्हणतात.

मग त्याने टेबलावरचा सरांचा डावा हात धरला.

"बोलवा."

करंगळी मागे गेली. मनगटापर्यंत. शेवग्याची ओली शेंग मोडावी तसा आवाज आला.

सर ओरडणार होते. पण तोंड उघडलं की कुठलं नाव बाहेर पडेल याचा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनी शर्टाची कॉलर दातात धरली.

"बोलवा ना सर."

दुसरं बोट.

"फक्त बत्तीस म्हणा. नाव नका घेऊ."

तिसरं. हाड कातडी फोडून वर आलं.

बाहेर बाकावर तो अनवाणी पाय हलला. उठायच्या तयारीत... जमिनीला टेकला.

आणि सरांच्या लक्षात आलं. ती बसली होती कारण तिच्या नावापुढे सतरा होते. कागदावर ती हजर होती. खोटी हजेरी त्यांनीच लावली होती.

उजव्या हाताने त्यांनी पेन घेतलं. टोपण दातांनी काढलं. सतरावर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, गैरहजर.

अनुज वाकून वाचू लागला.

"ती हजर आहे, सर."

"माझ्या कागदावर नाही."

फटीत आता नुसता बाक होता.

अनुजने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी हेल्मेट काढलं.

काय सांडलं ते सर सांगत नाहीत. दार धाडकन पूर्ण लागलं, लोखंडी कपाट भिंतीवर जाऊन आदळलं, खिडक्यांच्या काचा आत फुटल्या, टेबल उलटून सरांच्या त्याच हातावर आलं... एवढंच सांगतात.

शिपाई सॅन्टनने दार खांद्याने फोडलं.

"जेजू... सर, काय झालं हे? मघापासून धडका देतो मी. थांबा, पानी आनतो."

"बाहेर बाकावर कोण होतं?"

"कोन नाय सर. पोरं कधीच गेली."

दवाखान्यात सरांनी सांगितलं, कपाट पडलं. डॉक्टरने बोटं पाहिली, सरांकडे पाहिलं, आणि लिहिलं तेच. निकाल शंभर टक्के लागला नाही. द्वारका मॅडमनी सरांशी बोलणं टाकलं.

सलोनी अकराव्या दिवशी शुद्धीवर आली. सर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून भेटायला गेले. तिच्या आईने स्टूल दिलं. पोरगी छताकडे बघत होती.

"सर, मी बाहेरच बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही मला बोलावलंच नाही."

आईला वाटलं, औषधांनी बरळतेय.

जुलैत तिची फेरपरीक्षा होती. तोंडी सरांनीच घ्यायची. ती कुबड्या घेऊन आली आणि व्हरांड्यात त्याच बाकावर बसली. अगदी टोकाला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

सर आत दहा मिनिटं कागद घेऊन बसले. पुकारायला जीभ उचलेना. शेवटी ते स्वतःच उठून दाराशी गेले आणि नुसतं म्हणाले, "ये."

सलोनी जागची हलली नाही.

"नाव घेऊन बोलवा, सर," ती हळूच म्हणाली. "नुसतं ये म्हटलंत की तोही उठतो."

सरांनी नाव घेतलं नाही. व्हरांड्यातच उभ्या उभ्या दोन प्रश्न विचारले. सॉमचा विचारला नाही. तिने चांगली उत्तरं दिली, त्यांनी सोळा दिले आणि सहीसाठी पॅड तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने सही केली.

मग पॅड डावीकडे सरकवलं, आणि पेन रिकाम्या जागेकडे धरून वाट बघत बसली.