फोल्डर काढून टाकाल का?

ब्लांकाच्या लॅपटॉपची बॅटरी चार टक्क्यांवर आली, तेव्हा कॉलेजच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये एकच सॉकेट रिकामं होतं. ती धावली. समोरून पावसात भिजलेला एक उंच तरुणही धावला. दोघांचे प्लग एकदमच भिंतीपाशी पोचले.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"किती उरलीय तुमची?"

"तीन टक्के."

"मग हरले मी. माझी चार आहे."

तो हसला, आणि बॅगेतून चक्क एक्स्टेन्शन बोर्ड काढला.

"हा होता, तर धावलात कशाला?"

"तुम्ही धावलात म्हणून... मला वाटलं, काहीतरी चांगलं वाटतायत."

दोघं फरशीवरच बसले. आत हॉलमध्ये ब्रनो शहरातल्या लिनक्सवाल्यांचं वसंतातलं संमेलन रंगलं होतं. बाहेर काचांवर पाऊस टपटपत होता. त्यानं खसखस भरलेला गोड पाव, बुख्ता, मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. त्याच्या भुवईवर पाण्याचा एक थेंब अडकला होता. तो पडतो की नाही, हे बघण्यात ती उगाच गुंतली.

"परत ठेवलंच हिनं!" तो स्क्रीनकडे बघून पुटपुटला.

ब्लांकानं मान वाकडी करून पाहिलं, आणि घास तोंडातच राहिला. स्क्रीनवर 'नेतोपीर' उघडलं होतं. तिचा स्वतःचा प्रोग्राम! वटवाघळांचे आवाज ऐकून जात ओळखणारा.

म्हणजे हा... ओटाकर? लोकांना चुटकीसरशी बसवता यावेत म्हणून प्रोग्रामांची पॅकेजं बांधणारा? गेली दोन वर्षं ती नवी आवृत्ती काढायची आणि तिसऱ्या दिवशी त्याचं पत्र यायचं. 'पॅकेजिंगचं फोल्डर मूळ कोडातून काढून टाकाल का?' ती लिहायची, 'नाही.' पुढे पुढे त्या 'नाही'ला चार ओळी चिकटायला लागल्या, मग दहा. तिच्या डोळ्यांपुढे मात्र दोरीचा चष्मा लावणारा पन्नाशीचा गृहस्थ होता.

नव्या स्वेटरला टाचणी टोचायला नको म्हणून नावाची पट्टी तिनं खिशातच ठेवली होती. बरंच झालं!

"कोण ही?" तिनं साळसूदपणे विचारलं.

"आहे एक बाई. भयंकर हट्टी. पॅकेज मी बांधतो, तरी बांधणीच्या स्वतःच्या जुन्या सूचनांचं फोल्डर कोडात कोंबून ठेवते."

"तिचा कोड आहे. तिच्या घरात तिनं काय ठेवायचं, ते तुम्ही कोण सांगणार?"

"अगदी असंच लिहिते ती!" तो खूश होऊन म्हणाला. "पण ते तीन वर्षांपूर्वीचं आहे हो. तिचा प्रोग्राम पुढे गेला, फोल्डर तिथंच राहिलं. गेल्या शरदात ब्लान्स्को गावच्या एका माणसानं त्यावरून पॅकेज बांधलं. आवाजांची यादी जुनीच बसली. गुहेतली वटवाघळांची एक अख्खी जात मोजणीत आलीच नाही."

 त्या मोजणीचा आकडा ब्लांकाला पाठ होता. तेव्हा ती जात दिसलीच नाही म्हणून ती आठवडाभर हळहळली होती.

"हे... कळवलं का नाही तिला?"

"मला कालच कळलं. आणि आता कसं लिहावं, कळत नाहीये. तिला फार लागेल."

 तरी तिला कुतूहल आवरेना.

"आणि तुम्हाला स्वतःला काय त्रास होतो त्या फोल्डरचा?"

"मला? काहीच नाही."

"म्हणजे?"

"पॅकेज बांधताना मूळ कोडातलं ते फोल्डर आपोआप गळून पडतं. माझं तेवढं राहतं." त्याचे कान लाल झाले. "पहिल्या पत्रानंतर महिन्याभरातच कळलं मला ते."

"मग दोन वर्षं पत्रं कशाला लिहिलीत?"

तो प्लगकडे बघत राहिला.

"ती उत्तर देते म्हणून," तो हळूच म्हणाला.

पाऊस अचानक फार मोठ्यानं पडतोय असं तिला वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "पण तिचंही काही कारण असेल! गुहेतली मोजणी ठेवणाऱ्या आमच्या होरचिचका काकांना जंगलातल्या खोपट्यात त्या फोल्डरवरून प्रोग्राम बसवायची एकच कमांड येते. फोल्डर काढलं तर ते कसं—"

"आमच्या?"

ती थांबली. त्यानं सावकाश मान वर केली.

"...ब्लांका?"

"भयंकर हट्टी," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून आवाज आला, "होरचिचकांबद्दल तुम्ही कधीच लिहिलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. 'काढून टाकाल का' एवढंच विचारलंत."

"ते फोल्डर कोडाबाहेर, शेजारीच वेगळं ठेवू. मी ताजं ठेवत जाईन. काकांना तीच एक कमांड पुरेल."

"दर आवृत्तीला?"

"दर आवृत्तीला."

ब्लांकानं लॅपटॉप मांडीवर ओढला. तिचं आणि त्याचं डोकं एकाच स्क्रीनवर वाकलं. अर्ध्या तासानं फोल्डरसाठी नवी जागा तयार झाली, सांभाळणाऱ्यांत दोघांची नावं लागली, आणि तिनं मूळ कोडातून फोल्डर काढलं. मग होरचिचका काकांना फोन करून गुहेचा आकडा का चुकला ते स्वतःच सांगितलं. 

फोन ठेवला तेव्हा ओटाकर गंभीर चेहऱ्यानं बसला होता.

"काय झालं?"

"आता लिहायला कारणच उरलं नाही मला."

"शनिवारी आवाजांची नवी यादी गुहेपाशी तपासायचीय. सूर्य मावळला की वटवाघळं बाहेर पडतात, शेकड्यांनी. रेकॉर्डर धरायला माणूस हवाय."

"तुम्ही मला बोलावताय?"

"'तुम्ही' काय? इतकं भांडल्यावर?"

तो अडखळला. ओठांवर शब्द दोनदा येऊन परत गेला.

"तू... बोलावते आहेस?"

"हो," ब्लांका म्हणाली. दोन वर्षांत तिनं त्याला दिलेलं हे पहिलंच असं एका शब्दाचं उत्तर होतं, ज्यावर त्याला पुढं काहीच विचारावंसं वाटलं नाही.