मागच्या टॉयलेटचं दार

विनीता पाटणकर वडिलांना सिंगापूरला घेऊन निघाली होती, एवढंच खरं तर झालं होतं. आई गेल्यापासून पद्माकर पुण्यात एकटे. जेवायला डबा, बोलायला टीव्ही. पण म्हातारा हट्टी, घर सोडायचं नाव काढू देईना. विनीताने वर्षभर फोनवरून त्यांचं डोकं खाल्लं, रडली, रुसली आणि शेवटी तिकीट काढूनच मोकळी झाली. सिंगापुरातल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमध्ये ती आणि लेक इरा, दोघीच. ती एका विमान कंपनीत केबिन क्रूमध्ये होती, चांगली मुरलेली. विमानाचा मागचा भाग तिच्या ताब्यात असायचा. म्हणून तिने स्वतःची ड्यूटी असलेलीच मुंबई-सिंगापूर फ्लाइट निवडली. बाबा डोळ्यांसमोर राहतील, म्हणाली.

सकाळचं विमान, खिडक्यांतून लख्ख ऊन. असल्या गोष्टीला काळोख लागतो असं तुम्ही म्हणाल. नाही लागत हो. उन्हातही सगळं व्यवस्थित होतं.

जेवणं आटोपल्यावर पद्माकर मागे आले आणि लेकीच्या कानाशी लागून विचारू लागले की हे दार उघडतं तरी कसं. विनीताला हसू आलं. मधोमध ढकला, दुमडतं ते, म्हणून तिने दाखवलं. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी होतं अशी कुरकुर करत, मोठ्याने खाकरत ते आत गेले. त्या खाकरण्यावर म्हणे पुण्यातली सोसायटी घड्याळ लावायची. विनीता एका तान्ह्या बाळाचं दूध कोमट करून द्यायला पुढे गेली, तिथे जराशी रेंगाळली.

परतताना तिला वास आला. तापलेल्या वायरीचा, गोडसर, घशाला चिकटणारा. टॉयलेटच्या दाराला खाली जाळी असते. तिच्यातून करडा धूर बाहेर येत होता. घाई नव्हती त्याला. जमिनीलगत पसरत होता, थांबत होता, पुन्हा पसरत होता.

ते २०१६ साल होतं. फोनच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या, आणि क्रूकडून धुराची कवायत नुसती घोटून घेतली जात होती. डोकं चालायच्या आधी हातच चालू लागले. तिची जोडीदारीण नूरैनी, मूळची सिंगापूरची मलाय मुलगी, तिने कॉकपिटला कळवलं आणि धुरात घालायचा हूड आणून दिला. विनीताने तो डोक्यावरून ओढला, आग विझवायची बाटली उचलली आणि हाताची मागची बाजू दाराला लावली. दार तापलं होतं.

तापलेलं दार सताड उघडायचं नसतं. हवा मिळाली की आग उसळते आणि मग अख्खं विमान जातं. फट पाडायची, बाटलीचं तोंड आत घालायचं, सगळी रिकामी करायची, मग दार दाबून धरायचं. फक्त आत माणूस नाही ना, एवढं आधी बघायचं. दारावरची पट्टी हिरवी होती. हिरवी म्हणजे रिकामं.

तेवढ्यात आतून कोणीतरी खाकरलं.

"विनू... दार उघड."

विनीताने बाटली खाली घेतली.

"बाळा, उघड ना... दुमडतच नाहीये हे."

तिने गर्रकन मागे वळून पाहिलं. पद्माकर आपल्या जागेवर बसले होते. पट्टा बांधलेला, निळा स्वेटर, मान वळवून तिच्याकडेच बघत होते. नूरैनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवून धावत आली. एकही जागा रिकामी नाही, तुझे वडीलसुद्धा बसलेत, तिने सांगितलं.

"आत कोणी नाही, विनीता. मार लवकर."

आतून दारावर तळहात आपटत होता. तो आवाज नूरैनीला ऐकू येत नव्हता की काय, देव जाणे. विनीताने पुन्हा वडिलांकडे पाहिलं. त्यांनी सावकाश मान हलवली. नाही, उघडू नकोस.

बाप डोळ्यांदेखत बसलेला असताना माणूस कशावर विश्वास ठेवणार? तुम्ही-मी तरी दुसरं काय केलं असतं? तिने फट पाडली आणि बाटलीचं तोंड आत घातलं. आत नुसता धूर. त्या धुरात कोणीतरी ते तोंड धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाने हात धरावा तसं धरलं.

तिने दांडा दाबला. बाटली संपेपर्यंत दाबून धरला, मग दार ओढून घेतलं आणि खांदा लावून उभी राहिली. आत थोडा वेळ खोकला चालला. मग तोही थांबला.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर आगीच्या बंबवाल्यांनी दार उघडलं. आत काही नव्हतं. जळल्याची खूण नाही, काजळीचा ठिपका नाही. पंख्याची मोटर तापली असेल, म्हणाले. सगळ्यांनी विनीताची पाठ थोपटली. पद्माकर शांतपणे रांगेतून उतरले आणि तिच्यामागोमाग चालू लागले.

घरी ते फार शहाण्यासारखे वागू लागले. समोर येईल ते खायचे, मीठ कमी की जास्त याबद्दल चकार शब्द नाही. पुण्याची आठवण नाही, आईचा विषय नाही. सकाळचं खाकरणं बंद. "आजोबा so chill, lah," इरा तिथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची. विनीताला मात्र त्यांच्याकडे पाठ करून उभं राहवेना. ती रात्ररात्र जागायची आणि स्वतःलाच दटावायची, की हा तुझा बाप आहे, लाज वाटू दे जरा.

एके दुपारी नूरैनीचा फोन आला. विनीता स्वयंपाकघरात होती. पद्माकर जेवणाच्या टेबलापाशी बसले होते.

नूरैनी त्याच विमानावरून नुकती उतरली होती. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. मागच्या टॉयलेटमधून कोणीतरी बोलतं, म्हणाली. पट्टी हिरवी असते, उघडलं तर आत कोणी नसतं, दार लावलं की पुन्हा सुरू. तू घरी फोनवर बोलतेस ना, तीच भाषा वाटते. दर वेळी तेच शब्द, म्हणून पाठ झालेत. मग तिने ते एकेक करून म्हणून दाखवले.

"वि-नू... दार... उघड... याचा अर्थ काय गं?"

अर्थ सांगायचा म्हणजे त्या दिवशी आपण बाटली कोणावर रिकामी केली, ते सांगायचं. आणि घरात कोणाला आणलं, तेही.

"सांग तिला," टेबलापासून पद्माकर हळूच म्हणाले, "काही अर्थ नाही त्याला."

फोन विनीताच्या कानाला होता. पलीकडचं त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"काही अर्थ नाही त्याला," विनीता म्हणाली.

नूरैनीला ते पटलं नाही.

"मग रडतो कशाला?"

पद्माकर उठून जवळ आले, विनीताच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद करून टाकला.