पायरीवर बसलेली शिवगंगा

हे खोटं वाटलं तर वाटू द्या. पण अडुसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो, ती खोटं लिहायला नाही.

गोष्ट लातूरची आहे. दोन वर्षांपूर्वीची. पोळा होऊन आठवडा झाला होता. आणि वेळ रात्रीची नव्हती.

संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती...

माझं नाव किशनराव. गाव उमरीजवळ. नात सुकन्या अकरावीला, लातूरच्या क्लासला. आमच्याकडं लेकरू क्लासला गेलं की आजी नाहीतर आजा सोबत जातो. खोली करायची, स्वयंपाक करायचा, लेकराला फक्त अभ्यास करू द्यायचा. माझी बायको वारलेली. म्हणून मी गेलो.

वरच्या खोलीत शिवगंगा राहायची. इस्लापूरची. एकटीच. जेवण डब्याचं.

ती रोज पाच वाजता वही घेऊन यायची. फिजिक्समध्ये ती कच्ची होती, सुकन्या पक्की.

"आबा, एकच गणित हाय."

सुकन्या कामात असली तर ती दाराबाहेरच्या पायरीवर बसायची. मीही बसायचो. तिथंच तिनं मला लिहायला शिकवलं. वहीच्या मागच्या पानावर ती बोटभर उंचीची अक्षरं काढायची. मी गिरवायचो.

"आबा, तुमचा क्ष लंगडून राहिला. त्याला काठी द्या."

तिच्यामुळं मी सही करायला लागलो.

मग एका चाचणीत सुकन्या चाळीस नंबर खाली गेली. माझ्या लेकाचा, भागवतचा, फोन आला.

"आबा, दुसऱ्याच्या लेकराची शिकवणी कशाला लावली तिथं? आपल्या पोरीचा वेळ जातो ना."

मला ते पटलं. खरं सांगतो, लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी शिवगंगा आली तेव्हा मी दार अर्धंच उघडलं.

"झोपली ती."

सुकन्या आत जागी होती. कानात वायर घालून मोबाईलवर तास बघत होती.

"बरं आबा. उठली की सांगा. मी बसते पायरीवर."

तासभर बसली. मग वर गेली.

असं मी बारा दिवस केलं. तिनं एकदाही माझं खोटं धरलं नाही. तिला कळलंच नाही, का मला लाज वाटू नये म्हणून धरलं नाही, कोण जाणे.

शेवटच्या दिवशी ती चौकटीला टेकून उभी होती. डोळे लाल. वही पुढं केली.

"आबा, तुम्ही विहिरी खोदल्या न्हवं? वरून दगड टाकला तर आवाज कधी येतो?"

"पडला की येतो."

"तसं न्हाई ना. आवाजाला वर यायला पण वेळ लागतो. तेवढंच माझं चुकून राहिलं. सुकन्याला जमतं ते. उद्या चाचणी हाय."

"झोपली ती."

तिच्या अंगाची धग मला दारातून लागत होती. मला कळलं होतं, पोरीला ताप आहे.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. कडी लावली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती दवाखान्यात वारली. डेंग्यू होता म्हणाले.

तिचे वडील, रामकिशन, तिच्या सामानाची पेटी न्यायला आले. पेटीचं एक टोक मी धरलं.

"पोरगी लई सांगायची तुमचं," ते म्हणाले. "खाली आबा हायत, म्हणून करमतं म्हणायची."

मी जिन्याकडं बघत उतरलो.

रात्री सुकन्या रडत होती.

"आबा, ती मला क्लासात म्हणली होती, घरी येते म्हणून. आली होती का?"

"न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी... पाच वाजून दहा मिनिटांनी... दार वाजलं.

तीनदा. हळू.

मी उघडलं.

कुणी नव्हतं.

जिन्यावर चपलांचा आवाज नाही. वर नाही, खाली नाही.

मी पायरीवर हात ठेवला. तिथं ऊन कधीच येत नाही. सगळी पायरी गार होती. फक्त मधे, एक माणूस बसेल एवढी जागा...

गरम होती.

मग रोज. सुकन्याला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

नवव्या दिवशी दाराखालून कागद आत आला. माझ्या डोळ्यांदेखत. आधी कोपरा, मग अर्धा, मग सगळा.

विहिरीचं गणित होतं. उत्तराची जागा कोरी. आणि खाली, बोटभर उंचीच्या अक्षरांत...

"आबा, उठली का?"

ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी कुणी एवढी मोठी अक्षरं काढत नाही. तो कागद माझ्यासाठी होता.

सुकन्याला दाखवला असता तर दहा मिनिटांत उत्तर निघालं असतं. पण दाखवायचा म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. मी तो पिठाच्या डब्याखाली ठेवला. मग दुसरा आला. तिसरा आला. तेही तिथंच ठेवले.

महिन्याभरात मी खोली बदलली. आवाज थांबला. मला वाटलं, सुटलो.

यंदा सुकन्याची परीक्षा झाली. आम्ही गावी आलो. मागच्या महिन्यात ती पुढच्या खोलीत वाचत बसली होती. मी दाराजवळ.

तीनदा. हळू.

सुकन्यानं मान वर केली.

"आबा, कोण हाय?"

या वेळी तिलाही ऐकू आलं होतं.

माझा हात कडीवर होता. एवढंच म्हणायचं होतं, शिवगंगा आली, तुला विचारायला आली. दोन वर्षं उशिरा का होईना.

"कुणी न्हाई, बाळा. वारा हाय. तू वाच."

तिनं मान खाली घातली.

आणि दाराच्या पलीकडून... अगदी जवळून...

"बरं आबा. मी बसते पायरीवर."

सुकन्यानं ते ऐकलं की नाही, मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून मी मागच्या दारानं जातो. घरातले हसतात, म्हाताऱ्याला येड लागलं म्हणतात. म्हणू द्या.

बसलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये.