मानेवरचा पदर

मी शिकवते त्या सर्वणच्या शाळेच्या दारातच ते माझ्यावर आदळले. दोन्ही हातांत टीव्हीएवढं मशीन, पुढचं काही दिसत नव्हतं.

"सॉरी बाई... लागला नाय मां?"

मी मानेभोवतीचा पदर आवळला.

त्या पदराचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी दोडामार्गहून मला बघायला आलेल्यांनी चहा घेतला, नि मागाहून निरोप धाडला — मुलीचा गळा सुजलाय. तेव्हापासून माझा गळा कोणी पाहिला नव्हता. आईनेसुद्धा.

दारात आदळलेले ते डॉक्टर शिवदास, पेडण्याचे. मुलांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मोजायला आले होते. पोटात पुरेसं आयोडीन जातं की नाही, ते त्यावरून कळतं म्हणे. बाक जोडून झाले, पण तिसरीतली रुक्मिणी काही केल्या आडवी होईना.

"आदी बाईंक करा. माका भंय दिसता."

चाळीस मुलं माझ्याकडे बघू लागली. पळणार कुठे?

"पदर मातसो काडूचो लागतलो," ते हळूच म्हणाले. आणि मुलांकडे पाठ करून असे उभे राहिले, की माझा गळा त्यांच्याशिवाय कोणाला दिसू नये. खरं सांगते — मी तिथेच मन हरले.

थंडगार जेल... मग मशीनच्या दांडीचा स्पर्श. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"गिळा."

मी गिळलं. पडद्यावरचे दोन करडे तुकडे अलगद वर सरकले, परत खाली आले. ज्या गळ्याचा मी इतका राग केला, त्याच्या आत हे इतकं नेटकं काम मुकाट्याने चाललं होतं! मी बघतच राहिले.

"मातशी वाडली आसा. रगत तपासून घेवया. भियेवचा काय नाय."

"आनी बाजूक ता काळा उडता, ता?"

"ती शीर. काळजावांगडा उडता." काळजाच्या ठोक्यासरशी उडणारी शीर! त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "तुमची खूबच धावता, बाई."

"मशीन बिगाडला आसतला."

"आसात," ते म्हणाले; हसू मात्र लपलं नाही.

दर दहावं मूल दुसऱ्यांदा मोजायचं, म्हणजे पहिल्या मापातली चूक सापडते, अशी त्यांची रीत. त्यासाठी ते आठवड्याने परत आले. माझ्या रक्तात काळजीचं काही निघालं नव्हतं. त्या दिवशी मी पदर खांद्यावरच ठेवला.

"माझा दुसरा माप?" मी विचारलं.

"तुमचा नाव यादीत नाय, बाई. सहा ते बारा वर्सांचीच भुरगीं."

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात त्यांनी दांडी उचलली आणि स्वतःच्याच गळ्याला लावली.

"पूण मशीन बिगाडला काय, ता बघूक होया... बघा तुमीच."

पडद्यावर ती काळी शीर सैरावैरा धावत होती. एवढा शांत उभा असलेला माणूस, आणि आत हे!

"बाई, सरांचीय धावता," रुक्मिणी म्हणाली.

"मशीन बरा आसा," मी त्यांना म्हणाले. "आयताराक घराकडे येवा. च्या आई करतली."