जहाजाच्या खोलीतली पलंगआई

ही गोष्ट मी रचलेली नाही.

चौतीस वर्षं बालवाडीत शिकवलं. खोटं बोलू नका, असं रोज मुलांना सांगितलं. आता सत्तरीत मी कशाला खोटं बोलू? फक्त हॉटेलचं नाव घेणार नाही, कारण तिथल्या माणसांची काहीच चूक नव्हती.

चूक माझी होती.

मागच्या वर्षीची गोष्ट. चांद्र पंचांगातला सातवा महिना, सातवी तिथी. गाव ईलान. पाचव्या मजल्यावरची, अगदी टोकाची खोली.

मी ह्वालिएनला एकटी राहते. मुलगा पो-यू आणि सून यी-जेन, दोघंही तैपेईत नोकरी करतात. त्यांची मुलगी आनआन तेव्हा सहा वर्षांची होती. जन्मल्यापासून ती विहीणबाईंकडेच वाढली, म्हणजे सुनेच्या आईकडे. त्यांचं घर माझ्या मुलाच्या घरापासून दोनच गल्ल्या पलीकडे. आनआन दोघी आज्यांना 'आमा'च म्हणते. पण त्या 'घरची आमा', आणि मी 'गाडीतून येणारी आमा'.

पोर प्रेमानंच म्हणायची. मला मात्र लागायचं.

आडनाव आमचं, नाक माझ्या मुलाचं, आणि पडली-रडली की हाक त्यांना. परक्यांची शेकडो मुलं मी मांडीवर घेऊन झोपवली. दुपारी सगळ्या वर्गाला झोपवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. एकेकाच्या पाठीवर थोपटत फिरायचं. पण माझी स्वतःची नात माझ्याशेजारी एक रात्र झोपली नव्हती. झोपायची वेळ झाली की ओठ काढायची, आणि मग फोन लावावा लागायचा विहीणबाईंना.

एकदा त्या हसत हसत म्हणाल्या होत्या, "मूल कुशीत वाढतं, विहीणबाई. फळ्यासमोर नाही."

ते वाक्य मी विसरले नाही.

म्हणून त्या उन्हाळ्यात मी पो-यूला सांगितलं, एक रात्र आम्ही दोघीच जाणार. आनआन आणि मी. तिसरं कुणी नको. त्यानं ईलानच्या हॉटेलात जहाजासारखा पलंग असलेली मुलांची खोली घेऊन दिली.

विहीणबाईंना ते पटलं नाही. हा भुतांचा महिना, यात मुलाला घेऊन फिरू नये, असं त्यांनी फोनवर सांगून पाहिलं. शिवाय सप्तमी म्हणजे पलंगआईचा वाढदिवस. आमच्याकडे मुलाच्या बिछान्याला एक आई असते. सोळा वर्षांचं होईपर्यंत तीच झोपेत मुलाला राखते. त्या दिवशी बिछान्यावर तिला तेलभाताची वाटी ठेवतात.

मी ऐकत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, जा. संध्याकाळी सहाला मी इथं आनआनच्या पलंगावर वाटी ठेवीन. तुम्ही काही करू नका. मूल नसलं तरी पलंग आहे ना."

तिचा पलंग. तोही त्यांच्याच घरात.

माझा जीव जळला. फोन ठेवताना मी नीट निरोपही घेतला नाही.

मुलांसाठी सजवलेल्या खोलीत काय असतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या खोलीत पलंग म्हणजे अख्खं लाकडी जहाज होतं. चढायला दोराची शिडी, उतरायला घसरगुंडी. खालच्या पोकळीत रंगीत चेंडूंचं कुंड, त्याला गोल गोल खिडक्या. छोट्या चपला, छोटं बेसिन, बाटल्या उकळायचं यंत्र, पलंगाला कठडा. मोठ्या माणसासाठी भिंतीशी एक साधा दिवाण. खोली दाखवायला आलेली मुलगी म्हणाली की आई-बाप या खोलीचं फार कौतुक करतात. कधी न झोपणारं मूलसुद्धा इथं लगेच झोपतं.

मला बरंच वाटलं ते ऐकून.

साडेपाच वाजले. आनआन चेंडूंच्या कुंडात खेळत होती. बाजारातून आणलेला तेलभात आणि कोंबडीचा रस्सा मी पिशवीतून काढला. पलंगआईचे कागदी कपडेही आणले होते. विहीणबाईंच्या आधी अर्धा तास... एवढंच डोक्यात होतं.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं.

ही पूजा फार लांबवायची नसते. उदबत्ती लावायची, दोन शब्द बोलायचे, लगेच कागदी कपडे जाळून निरोप द्यायचा. रेंगाळलात, तर पलंगआईला मुलाचा जास्तच लळा लागतो आणि मूल बिछाना सोडेनासं होतं. माझ्या सासूनं मला हे दहादा बजावलं होतं.

पण हॉटेलात धूर चालत नाही. उदबत्ती लावता येईना. कागद जाळता येईना. ते मी घडी करून पर्समध्ये ठेवले.

उदबत्ती नसली, की थांबायचं कधी हे कळत नाही.

मी जहाजावर चढले, वाटी उशीजवळ ठेवली, हात जोडले आणि बोलत राहिले. सहा वर्षांचं सगळं बोलले. आणि शेवटी म्हणाले, "आई, ही ज्या बिछान्यावर आज झोपेल, तिथंच हिचं मन राहू दे. त्या दुसऱ्या पलंगाची हिला आठवणसुद्धा नको."

खाली चेंडूंचा खळखळाट चालू होता.

मग तो थांबला...

डोळे उघडले तर आनआन माझ्याजवळ जहाजात बसली होती. ती शिडी चढून कधी आली, मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

आणि हसत होती. ओळखीचं हसू.

सहा वाजता फोन वाजला. विहीणबाई. एरवी त्यांचा फोन आला की आनआन झडप घालायची. त्या दिवशी म्हणाली, "नको."

मी पुन्हा विचारलं, घरच्या आमाशी बोलायचं नाही?

"कोण घरची आमा?"

तुमच्यापासून लपवत नाही. माझ्या अंगावर काटा आला नाही. मला आनंद झाला. मी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "खेळात रमली आहे हो, विहीणबाई. तुमची आठवणच नाही तिला."

आणि मीच फोन ठेवला.

मग आम्ही जेवायला बसलो. पूजेचा तेलभात मी तोंडात घातला...

त्याला चव नव्हती.

मीठ नाही, तिळाच्या तेलाचा वास नाही. भिजलेला कागद चावल्यासारखं वाटत होतं. रश्शाचंही तसंच. बाजारातून घेताना मी स्वतः चाखून घेतला होता. आनआननं वाटी बाजूला सारली. म्हणाली, "ते तिचं झालंय."

झोपायच्या वेळी ती न सांगता जहाजावर चढली. रडणं नाही, फोन नाही. मी मागून चढायला लागले तशी म्हणाली, "आमा, इथं जागा नाही."

दोन माणसं सहज मावतील एवढं जहाज होतं ते. पोर अगदी कठड्याला चिकटून झोपली होती. भिंतीकडची बाजू मोकळी होती.

मी दिवाणावर पडले. दिवा चालूच ठेवला.

थोड्या वेळानं आवाज आला...

थप. थप... थप.

मी उठूनच बसले. हा आवाज मला झोपेतही कळेल. पाठीवर थोपटण्याचा आवाज. कोण बाई थोपटते आहे, हे मी वर्गाबाहेरून नुसत्या आवाजावरून सांगायचे. प्रत्येकीचा हात वेगळा. दोन लागोपाठ आणि एक उशिरा, असा हात मी कधीच ऐकला नव्हता.

थप. थप... थप.

मी शिडीवर उभी राहून पाहिलं. आनआन कुशीवर झोपली होती. तिच्या पाठीवरचं पांघरूण दबत होतं, सुटत होतं. दबत होतं, सुटत होतं.

दुसरं कुणी नव्हतं.

मी हात पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवायला गेले. आनआन झोपेतच पुटपुटली, "तुझा नको."

मी हात मागे घेतला. आणि खरं सांगू? त्या क्षणी भीतीच्या आधी हेवा आला. इथंही दुसरीच कुणी.

सकाळी आठला मी तिला उठवलं. अकराला खोली सोडायची होती. ती जागीच होती. दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. आदळआपट नाही, हट्ट नाही. शांतपणे म्हणाली, "तू जा. मी इथं राहते."

मी मुलांना समजावण्यात कधी हरले नाही. त्या दिवशी अर्धा तास बोलले. गोष्ट सांगितली, पुन्हा येऊ म्हटलं, खाऊ दाखवला. शेवटी तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"इथं सगळी मुलं एकच रात्र झोपतात आणि जातात. तिला कुणी कधी भात नाही दिला. तूच दिलास. तूच म्हणालीस, हिचं मन इथं राहू दे." मग हळूच म्हणाली, "मग आता मी तिची."

मी तिची बोटं कठड्यावरून सोडवायला गेले. सहा वर्षांच्या पोरीचं एक बोट मला हलवता आलं नाही. ती बोटं थंडगार होती.

तेव्हा मी विहीणबाईंना फोन केला.

आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं. मला वाटलं, त्या शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, काय बोललात ते शब्दाला शब्द सांगा. मी सांगितलं, त्यांच्याविरुद्ध जे मागितलं होतं तेही. त्या ऐकत राहिल्या.

"कागद जाळलेत?"

"नाही."

"निरोप दिलात?"

"नाही."

"येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दहाच्या आत त्या बसनं पोचल्या. केस विंचरलेले नव्हते. आनआननं त्यांच्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या बाईकडे पाहावं तसं. विहीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडून कागदी कपडे घेतले. हॉटेलच्या मागच्या अंगणात कागद जाळायचा पत्र्याचा डबा होता, पूजेसाठी धंदेवाले सगळेच ठेवतात तसा; आदल्या दिवशी मी चौकशीच केली नव्हती. तिथं ते जाळून त्या वर आल्या.

आनआन तशीच बसली होती.

"बोलावलंत तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. "निरोपही तुम्हालाच द्यायला हवा."

"काय म्हणू?"

"खरं काय ते. हे मूल कुणाच्या पलंगावरचं आहे ते."

किती मुलांना मी 'चुकलं' म्हणायला शिकवलं असेल. माझी स्वतःची जीभ उचलेना. विहीणबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मला ते म्हणायचं होतं. घड्याळात साडेदहा झाले. आनआनचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

मी हात जोडले.

"आई, मी खोटं बोलले. हे मूल माझं नाही. हे यांच्या घरच्या पलंगावरचं आहे. माझ्याजवळ तुला द्यायला कुणी नाही. माझ्याजवळ कुणीच नाही."

खोलीत काही हललं नाही.

मग आनआनचं एक बोट सुटलं. मग दुसरं... कुणी हलक्या हातानं एकेक सोडवावं, तसं. दहावं सुटलं आणि पोर घसरगुंडीवरून खाली आली. विहीणबाईंनी तिला उचललं. ती "आमा, आमा" करत त्यांच्या मानेत तोंड खुपसून रडली. मी तिची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागून चालत राहिले.

पुढे ह्वालिएनच्या देवळात, दिव्यांचं बघणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हॉटेलच्या पलंगाला पलंगआई नसते. ती मुलाच्या घरच्या पलंगाशी असते.

"मग माझा भात खाल्ला कुणी?"

त्यांनी दिव्याची काच पुसता पुसता विचारलं, "बोलावताना नाव घेतलं होतंत?"

मी नुसतं 'आई' म्हटलं होतं.

त्यांनी काच परत दिव्यावर बसवली.

नव्या वर्षाला सगळी माझ्याकडे आली. विहीणबाईही आल्या, पहिल्यांदाच. मी त्यांचा आणि आनआनचा बिछाना एकत्र घातला. मनात काही राहिलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. जेवणं झाली, विहीणबाई आणि सून भांडी आवरत होत्या, मी दुपारची जरा पडले होते.

जाग आली तर आनआन उंबऱ्यात उभी होती.

ये, म्हटलं. आली नाही.

"ती तुझ्याबरोबर आली," ती म्हणाली.

"कोण गं?"

"तू म्हणालीस ना, तुझ्याजवळ कुणीच नाही. तिला वाईट वाटलं." मग जरा थांबून म्हणाली, "मला सोडलं तिनं. तुझ्यासाठी."

तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. सहा वर्षं मी विहीणबाईंकडे जशी बघत आले, तशी ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यामागे, भिंतीकडे गेली. तिथं ती जरा वेळ थांबली.

पोर मान फिरवून निघून गेली. त्यानंतर तिनं माझ्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. मी आता पलंगाच्या काठाला सरकून झोपते, भिंतीकडची बाजू मोकळी ठेवते.

पो-यू म्हणतो, आई, हा पलंग जुना झाला, नवा घेऊन देतो. दोनदा दुकानातून माणूस माप घ्यायला आला.

दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच परत पाठवलं.