तिसऱ्या मजल्याची किल्ली

सोमवारी सकाळी पाच पन्नासला मुक्ता सरनाईकने गजर वाजण्याआधीच बंद केला. आल्याचा तुकडा किसून चहा ठेवला, आणि चहाला उकळी येईपर्यंत घरातल्या चारही खिडक्या सताड उघडल्या. बरोबर पाच मिनिटांनी त्या घट्ट मिटल्या. हिवाळ्यात घर असंच हवेशीर करायचं असतं, हे ती चार वर्षांपूर्वी, जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या या इमारतीत आली त्याच महिन्यात शिकली होती. बाहेर सहा अंश तापमान होतं, पाऊस भुरभुरत होता. २०१२चा जानेवारी संपत आला तरी द्राक्षमळ्यांच्या या प्रदेशात थंडी अशी पडलीच नव्हती. अंगणातल्या कुंडीत गेल्या उन्हाळ्यातलं एक फूलझाड अजून तग धरून होतं. रेडिओवरचा माणूस मात्र सांगत होता, की पूर्वेकडून गोठवणारं वारं निघालं आहे, शुक्रवारपर्यंत पारा उणे पंधरावर उतरेल, नळ आणि पाइप सांभाळा.

तिच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती. केरवोख, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा करून, कुणी घसरू नये म्हणून खडी टाकायची. चार वर्षांत मुक्ताची एकही पाळी चुकली नव्हती. सव्वासहाला ती जिना पुसत तळमजल्यावर पोचली, आणि दाराजवळच्या सूचनाफलकावरचा नवा कागद वाचून तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

‘आमच्या भारतीय भाडेकरूंस’ असं वर ठळक अक्षरांत होतं. येत्या कडाक्यात हीटर पूर्ण बंद करू नयेत, खिडक्या किलकिल्या ठेवू नयेत, पाइप फुटल्यास खर्च भरावा लागेल. खाली घरमालकीण फ्राऊ वेन्डेल यांची सही.

इमारतीत भारतीय भाडेकरू दोनच. दुसऱ्या मजल्यावर ती, आणि तिसऱ्यावर तीन आठवड्यांपूर्वी आलेला कुणी एक, ज्याचं ‘सी. टिपणीस’ हे नाव तिने फक्त पत्रपेटीवर पाहिलं होतं. तिने अंगणात जाऊन वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची खिडकी तिरकी उघडी होती. अगदी तिच्या न्हाणीघराच्या डोक्यावर.

ती आत वळली तेव्हा ओल्या जिन्यावरून एक बॅग धडधडत खाली येत होती. मागून तिचा मालक. उंच, मफलर अर्धवट गुंडाळलेला, केस अजून ओले.

“गुटन मॉर्गन,” तो म्हणाला.

“टिपणीस तुम्हीच ना?” मुक्ताने मराठीतच विचारलं. “हीटर बंद करून निघालात?”

तो क्षणभर थबकला... आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की तिला आणखीनच राग आला.

“अरे वा, तुम्ही मराठी! मी चारुदत्त. हो, सगळं बंद केलंय. मेन स्विच, गॅस, नळ, हीटर. पाच दिवस ब्राउनश्वाइगला ट्रेनिंग आहे.”

“या इमारतीत गॅस नाही.”

“सवय आहे हो. घर सोडताना आमच्याकडे सगळं बंद करतात.”

“आणि न्हाणीघराची खिडकी?”

“ती मुद्दाम उघडी ठेवलीये. नाहीतर कुबट वास येतो.”

“अलिबागला येत असेल,” ती म्हणाली. अलिबाग तिने सहज म्हटलं होतं. नेमकं बरोबर निघालं हे तिला नंतर कळलं. “इथे पाइप गोठतो, फुटतो आणि खालच्याच्या डोक्यावर पडतो. खालचं घर माझं आहे. हे वाचा.”

त्याने फलक वाचला. मग घड्याळ पाहिलं.

“माझी एस-बान लोकल सहा एकतीसची आहे. वर गेलो तर पुढची गाडी चुकेल...” त्याने खिशातून घराची जादा किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि हात पुढे करायचं धाडस न झाल्यासारखी ती कठड्यावर ठेवली. “हक्काने सांगत नाही, विनंती करतोय. खिडकी तेवढी लावाल? फोन नंबर किल्लीच्या बिल्ल्यावर आहे. रागवायला लागेलच तुम्हाला.”

तो गेला. पुसलेल्या जिन्यावर त्याच्या बुटांचे ओले ठसे दारापर्यंत गेले होते. तिने ते पुन्हा पुसले.

*

संध्याकाळी कामावरून येऊन ती वर गेली. दाराच्या आतल्या बाजूला इंजिनियरच्या टोकदार अक्षरांतली यादी चिकटवलेली होती – ‘घर सोडताना’ – आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. तिने खिडकी लावली, हीटर दोनावर आणले, मेन स्विच वर केला. तेव्हा फ्रिज घरघरला. फ्रिजखाली पाण्याचं थारोळं होतं.

तिने बिल्ल्यावरचा नंबर लावला.

“तुमच्या फ्रीझरमधल्या दोन पिशव्या वितळल्यात. कसल्यातरी सोललेल्या डाळिंब्या आहेत.”

पलीकडून अगदी लहान आवाजात, “ते वाल आहेत. आई दोन दिवस बसून सोलत होती. डिसेंबरमध्ये आणले... जपून ठेवले होते.”

“मग मेन स्विच बंद करताना आठवलं नाही?”

“यादीत नव्हतं.”

तिला हसू आलं, ते तिने फोन दूर धरून घालवलं. “आता परत गोठवता येणार नाहीत. काय करू यांचं?”

“बिरडं करा. येतं?”

“मी साताऱ्याची आहे.”

“म्हणजे येत नाही. लिहून घ्या... आणि एक सांगतो, वाल ढवळायचे नाहीत. मोडतात. भांडं दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवायचं.”

“मी रागावलेली आहे,” मुक्ता म्हणाली, “आणि तुम्ही मला पाककृती सांगताय.”

“रागावून ढवळाल म्हणूनच सांगतोय.”

मंगळवारी तिने नारळाच्या दुधाचा डबा आणला आणि त्याला फोनवर ठेवून बिरडं केलं. त्याने मीठ किती घातलं ते विचारलं, आमसूल आहे का विचारलं, झाकणातून येणारा वास कसा आहे ते विचारलं. “मला इथे कॅन्टीनमध्ये उकडलेला बटाटा आहे,” तो म्हणाला. “वासाचं वर्णन सावकाश करा.” तिने केलंही. बिरडं इतकं सुरेख झालं होतं, की अर्धं तिने डब्यात भरून आपल्या फ्रीझरमध्ये ठेवलं. कुणासाठी, याचा विचार मात्र तिने केला नाही.

बुधवारी सकाळी खिडकीच्या कडांवर दहिवर दाटलं. संध्याकाळी उणे नऊ. मुक्ता तळघरात उतरली, बागेच्या नळाचा पाइप आतून बंद केला, बाहेरचा नळ उघडा ठेवून उरलेलं पाणी काढून टाकलं, कारण बंद पाइपमध्ये अडकलेलं पाणीच घात करतं. मग पायऱ्यांवर खडी टाकली. बोटं बधिर झाली होती. वर येताना तो कागद पुन्हा समोर आला, आणि चारुदत्तचा फोन वाजला तेव्हा त्या कागदाबद्दल वाटणारं सगळं तिने त्याला प्रथमच सांगितलं.

“एवढं काय मनाला लावून घेता?” चारुदत्त हसत म्हणाला. “म्हातारी बाई आहे. दुर्लक्ष करायचं.”

मुक्ताने फोन ठेवला.

गुरुवारी त्याचा फोन तिने दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

“काल मी चुकलो,” तो लगेच म्हणाला. “हसायला नको होतं.”

“तुम्हाला कळलंय का कुठे चुकलात?” तिचा आवाज चढला नाही, आणखी सपाट झाला. “चार वर्षं या बाईंचा जिना पुसतेय मी. त्या आजारी होत्या तेव्हा त्यांच्या पाळीचाही पुसला. त्या मला रोज ‘फ्राऊ सरनाईक’ म्हणून हाक मारतात. आणि एक खिडकी उघडी दिसली की मी एका दिवसात ‘भारतीय भाडेकरू’ होते. खिडकी तुमची. नाव तुमचंही नाही, माझंही नाही. मला राग त्याचा आहे.”

तो म्हणाला, “मी काय करू?”

“काही नको. मी घर सोडतेय. कुंडिगुंगचं पत्र, रीतसर नोटीस, लिहून ठेवलंय. उद्या या महिन्याचा तिसरा कामाचा दिवस आहे, नोटीस देण्याचा शेवटचा. उद्या त्यांच्या पेटीत पडलं, तर एप्रिलअखेर मी मोकळी.”

“उद्या संध्याकाळी मी येतोय.”

“मग किल्ली कठड्यावर ठेवते.”

“हातात द्याल,” तो म्हणाला, “तर बरं वाटेल.”

*

शुक्रवारी उणे पंधरा. हवा काचेसारखी कोरडी आणि लख्ख होती. श्वास मफलरवरच गोठत होता. मुक्ता चारलाच ऑफिसातून निघाली. सही केलेलं पत्र घडी न घालता पिशवीत होतं.

इमारतीचं दार ढकलून ती आत आली, तर फलकापाशी बॅग उभी, आणि चारुदत्त हातमोजा दातांत धरून पेनाने काहीतरी लिहीत होता. ‘आमच्या भारतीय भाडेकरूंस’ यावर एक सरळ रेघ मारली होती. वर टोकदार अक्षरांत – ‘श्री. टिपणीस, तिसरा मजला, यांस. खिडकी माझी होती.’

“हे माझ्यासाठी केलंत?” मुक्ताने विचारलं. तिला खरोखर संताप आला होता. “मी सांगितलं होतं, काही करू नका.”

“तुमच्यासाठी नाही.” त्याने हातमोजा खिशात टाकला. नाक लाल झालं होतं, आणि या वेळी तो हसत नव्हता. “चूक माझी, तर नाव माझंच हवं. तुमचं भांडण तुमचंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.”

तळमजल्याचं दार उघडलं. फ्राऊ वेन्डेल लोकरी शाल घेऊन बाहेर आल्या. चष्मा चढवून त्यांनी कागद वाचला.

“आल्झो... असं आहे तर,” त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “पण खिडकी तर सोमवारपासून बंद आहे. आणि बागेचा पाइपही कुणीतरी रिकामा केलाय.”

“फ्राऊ सरनाईकनी,” चारुदत्त अडखळत्या जर्मनमध्ये म्हणाला. “दोन्ही.”

“हे मला सांगायला हवं होतं तुम्ही,” त्या मुक्ताला म्हणाल्या.

चार वर्षांत मुक्ता त्यांना ‘या’ आणि ‘डांके’, म्हणजे ‘हो’ आणि ‘धन्यवाद’, यापलीकडे फारसं काही बोलली नव्हती. पण आता वाक्य तिने नीट, क्रियापद जागेवर ठेवून उच्चारलं.

“लिहिण्याआधी तुम्ही विचारायला हवं होतं, फ्राऊ वेन्डेल. माझं दार दुसऱ्या मजल्यावर आहे.”

म्हाताऱ्या बाईंच्या गालांवर हलकी लाली चढली. त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची घडी केली आणि तो शालीखाली धरला. क्षमा मागितली नाही. “पायऱ्यांवरची खडी छान टाकलीये,” एवढंच म्हणाल्या, आणि दार मिटलं.

“तेवढंच?” चारुदत्त पुटपुटला.

“आज तेवढंच,” मुक्ता म्हणाली. राग गेला नव्हता. पण आता तो तिच्या पोटात कोंडलेला नव्हता, बाहेर, दोघींच्या मधे, जिन्यावर उभा होता. तिथे त्याच्याशी बोलता येणार होतं. पुढच्या वेळी आणि त्याच्याही पुढच्या वेळी. “तुमची जादा किल्ली वर आणून देते. तुम्ही व्हा पुढे, अंग गरम करा. घर उबदार आहे.”

तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. “मुक्ता... तुम्ही खरंच जाणार?”

तिने पिशवीचा बंद खांद्यावर ओढून घेतला. त्याने पुन्हा विचारलं नाही. बॅग उचलून, न धडधडवता, तो वर गेला.

घरात आल्यावर तिने फ्रीझरमधला डबा काढला, भांड्यात ओतला आणि मंद आचेवर ठेवला. दोन्ही हातांनी भांडं हलवलं. वाल शाबूत राहिले. मग पिशवीतलं पत्र टेबलावर ठेवलं. आठवडा संपत आला होता. पाटी उद्या तिसऱ्या मजल्यावर जायची, ती आजच नेली तरी चालणार होती.

तिने पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘ढवळलं नाही. सात वाजता ये.’

वर जाऊन तिने त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवली, पाटीच्या मागे कागद खोचला. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता. पाणी वाहत होतं. बेल न वाजवता ती खाली आली, आणि दाराशी उभं राहून तिसऱ्या मजल्याची किल्ली आपल्या किल्ल्यांच्या कडीत ओवली.