आजीच्या हवाली

परदेशी नोकरी चटकन मिळाली, पण पाळणाघरात जागा काही मिळेना. जागा झाली की कळवू, एवढंच उत्तर. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात. ही नर्स आणि तिची चिमुरडी, दोघीच. इथे हाकेला ओ देणारं कोण असणार? मग तिने शक्कल काढली. ड्यूटीला निघताना टॅब साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि व्हिडिओ कॉलवर मायदेशातल्या आजीला बसवायचं. खालची शेजारीण कामावरून येऊन पोरीला नेईपर्यंत आजीने तिकडून लक्ष ठेवायचं. आजी गोष्टी सांगायची, दटावायची, पोर खिडकीशी गेली की घर डोक्यावर घ्यायची. हात तेवढा पोचत नसे.

"दमले गं आई," नर्स रोज म्हणायची. "एकदाची घेऊन जा तुझ्या नातीला."

"येते आणि नेते," म्हणून आजी हसायची.

त्या दुपारी टॅबवर चित्र उमटेना. काळ्या काचेतून नुसता आवाज आला, खोल गेलेला. "तू जा... मी आहे." उशीर झाला होता. नर्सने बाहेरून कुलूप लावलं आणि बस गाठली.

बसमध्ये भावाचा फोन आला.

"ताई... आई गेली गं. पहाटेच. केव्हाचा लावतोय, तुझा फोन लागतच नव्हता."

"अरे, आत्ता बोलले मी तिच्याशी!"

"कसं बोलशील, ताई? आम्ही तिला पोचवून आलो..."

पुढच्या थांब्यावर उतरून ती धावत सुटली. रडायलाही सवड नव्हती.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत बामाचा वास भरला होता, आई गुडघ्यांना लावायची त्याच बामाचा. टॅब बॅटरी संपून पालथा पडलेला. पोर बूट घालून दाराशी बसली होती. नर्स निघाली तेव्हा पोरीचे केस मोकळे होते. आता घट्ट वेणी होती.

"आजी म्हणाली, आईला टाटा करू, मग निघू."

नर्स खाली बसली. तिने लेकीला छातीशी कवटाळलं आणि तिला हुंदका फुटला.

"आई, मी वैतागून म्हणायचे गं... हिला नको नेऊस. तुझं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला. मलाच यायचं होतं गं तुझ्याकडे... मलाच."

बामाचा वास जवळ आला, अगदी मानेपाशी.

पोर आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. मग तिने मुकाट्याने बूट काढले.

"आजी म्हणते, मी इथेच थांबायचं." जरा वेळाने तिने विचारलं, "आई, तुझी पण वेणी घालतेय का ती?"

नर्सचा हात मानेवर गेला. ड्यूटीसाठी पिना खोचून बांधलेला अंबाडा सुटला होता, आणि वेणी अर्ध्यावर आली होती.